बोंडेभाऊंची मोजणी

चीनच्या राजवाड्यात एका बंद दाराच्या पायरीवर मी आडवी पडले होते आणि मला माझं नाव आठवत नव्हतं. दोन्ही बाजूंना उंच लाल भिंती होत्या आणि वर आभाळाची एक पट्टी. अंगातून घामाच्या धारा चालल्या होत्या. हाक मारावी असं वाटत होतं, पण जीभ उचलत नव्हती. गल्लीत कुणीही नव्हतं. भिंतीपलीकडे हजारो माणसांचा कालवा ऐकू येत होता, पण तो दुसऱ्या गावातून यावा तसा लांबचा वाटत होता.

मला शोधायला कुणी येणार नव्हतं, कारण मी मागे राहिले आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं. तशी तजवीज मीच केली होती.

चूक माझी होती, ते आधी सांगून टाकते. त्या दिवशी अंगारकी होती. लग्न झाल्यापासून मी एक चतुर्थी चुकवलेली नाही. साखरेचा आजार निघाला तेव्हा सुनेने उपास बंद करायला सांगितलं. मी हो म्हटलं आणि गुपचूप करत राहिले. चीनमध्ये चंद्र किती वाजता उगवतो हेसुद्धा निघण्याआधी नातीकडून फोनवर बघून घेतलं होतं. सकाळी हॉटेलात सगळ्यांच्या देखत बशीत पाव घेतला आणि हळूच रुमालात गुंडाळला. साखरेची गोळी मात्र सवयीने गिळली. रिकाम्या पोटी गोळी, आणि वर चार तास उन्हात चालणं. त्याचं काय होतं हे कुठल्याही डॉक्टरने सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं.

रुमालातला पाव एका माणसाने पाहिला होता. त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

बोंडेभाऊ अचलपूरकडचे. एसटीत कंडक्टर म्हणून सगळी नोकरी झाली. बायको आधीच गेलेली. एकुलता एक मुलगा आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळ ब्लँचर्डस्टाउनला कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याच्याकडे ते दरवर्षी उन्हाळ्याला येत आणि थंडी सुरू झाली की परत जात. मीही ब्लँचर्डस्टाउनलाच असते, मुलाकडे. मूळची साताऱ्याची. इथे येऊन अकरा वर्षं झाली.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते शॉपिंग सेंटरच्या बसथांब्यावर. पाऊस भुरभुरत होता. सगळे घाईने बसमध्ये चढत होते. हा काळा-सावळा, ठेंगणा माणूस दाराशी बाजूला उभा राहून एकेकाला आत जाऊ देत होता. शेवटची बाई बाळाची गाडी घेऊन चढली, मग हे चढले. खांबाला धरून त्यांनी मागे-पुढे नजर टाकली आणि बोटातल्या अंगठीने खांबावर दोनदा टकटक केली. ड्रायव्हरने आरशात बघितलं. बस सुटण्याचा त्या टकटकीशी काही संबंध नव्हता, पण ती नेमकी तेव्हाच सुटली आणि हा माणूस समाधानाने बसला.

मी विचारलं, "मराठी का?"

"हाव. तुमाले कसं कळलं?"

"डबल बेल ऐकली."

ते खूश झाले. म्हणाले, "अठी गाडीत कंडक्टरच ठेवत नाईत, बाई. ड्रायव्हर समोर पाहीन का मागं? मानसं मोजल्याबिगर गाडी सोडतेत. मले तर झोप नाई आली पयल्या दिवशी."

त्या मार्गावरचा एक आयरिश ड्रायव्हर त्यांना पुढे ओळखायला लागला. टेकू दिल्यासारख्या पोटाचा, लाल गालांचा. बोंडेभाऊ चढले की तो थांबायचा, टकटक झाली की अंगठा वर करून "ग्रँड!" म्हणायचा आणि मग गिअर टाकायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. कामापुरती गरजही नव्हती.

आम्ही आई-बाप मंडळी रविवारी एका हॉलमध्ये जमतो. मुलं-सुना त्यांच्या कामात, नातवंडांना मराठी समजते पण उत्तर आयरिश सुरात इंग्रजी. मग आमचं आम्हीच बोलतो. बोंडेभाऊ तिथेही आले की आधी मोजायचे. माणसाकडे बोट दाखवून मोजणं त्यांना आवडत नसे. हात खाली सोडून बोट मांडीवर आपटत राहायचे, ओठ न हलवता. चहा वाटेपर्यंत त्यांचा आकडा तयार असे. एकदा जिना उतरताना म्हणाले, "एक कमी हाये." बघतो तर एक आजोबा संडासात कडी लावून अडकलेले. अर्धा तास आतून हाका मारत होते, आम्ही गाणी म्हणत होतो.

मी एकदा त्यांना सरळ विचारलं, "तुमच्या नोकरीत कुणी मागे राहून काही वाईट झालं होतं का? म्हणून इतकं मोजता?"

ते म्हणाले, "नाई बाप्पा. कोनीच नाई रायलं कदी."

"मग काऊन मोजता?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"मोजतो म्हनून नाई रायलं, आक्का."

सगळ्यांना हे कौतुकाचं वाटायचं असं नाही. आमच्यात कुलकर्णी सर आहेत, पुण्याच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना या मोजणीचा राग यायचा. माणसांची व्यवस्था लावणं हे आपलं काम, असं त्यांचं मत. ते म्हणायचे, "बोंडे, इथे सगळे शहाणेसुरते आहेत. ही काही तुमची एसटी नाही." बोंडेभाऊ हसायचे आणि मोजायचे.

चीनची सहल सरांनीच ठरवली. भिंत पाहायची त्यांची फार वर्षांची इच्छा होती. आमच्या मुलांनी विमानाची सोय केली, व्हिसाला दोन महिने गेले, आणि आम्ही सोळा जण बीजिंगला पोचलो. सरांनी सोळा नावांची यादी प्लॅस्टिकमध्ये बंद करून गळ्यात अडकवली होती. जोड्या लावल्या होत्या. प्रत्येकाने आपापली जोडी सांभाळायची, मोजायची गरज नाही. माझी जोडी नलूताई, ठाण्याच्या, माझ्यासारख्याच एकट्या.

बोंडेभाऊंनी जोडी घेतली नाही. म्हणाले, "मी फिरता रायतो."

तिसऱ्या दिवशी राजांच्या जुन्या जागा दाखवायचा कार्यक्रम होता. सकाळी राजवाडा, दुपारी स्वर्गाचं देऊळ, संध्याकाळी राजांचा उन्हाळ्यात राहायचा बंगला आणि तळं. आमची गाईड लिली नावाची मुलगी होती, पिवळा झेंडा घेऊन भराभरा चालणारी. ती इंग्रजीत सांगायची, सर मराठीत सांगायचे, आणि सर सांगेपर्यंत लिली पुढच्या दारात असायची.

राजवाडा म्हणजे एक घर नाही. एक दार, त्याच्यामागे अंगण, पुन्हा दार, पुन्हा अंगण. उंबरे गुडघ्याएवढे. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा, असं लिलीने बजावलं. ते आम्हाला शिकवायला नको होतं. दक्षिणेच्या दाराने आत जायचं आणि उत्तरेच्या दाराने बाहेर पडायचं. एकदा बाहेर पडलं की परत आत सोडत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मोठ्या अंगणात लिलीने सांगितलं की इथे राजाचे सगळे अधिकारी पहाटे येऊन दर्जाप्रमाणे रांगा करून उभे राहत. बोंडेभाऊंनी सरांना विचारलं, "त्यायची हजेरी कोन घेत होतं? विचारा ना तिले."

सर म्हणाले, "असले प्रश्न विचारतात का? तिथे सिंहासन आहे, ते बघा."

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिलीला विचारलं. ती थांबली, हसली आणि म्हणाली, त्यासाठी वेगळे अधिकारी होते, कोण आलं नाही आणि कोण रांगेत हलतं ते लिहून घ्यायचे. बोंडेभाऊंचा चेहरा असा झाला की जणू त्यांचा कुणी नातेवाईकच त्या दरबारात नोकरीला होता. "मंग बराबर," म्हणाले. त्या एवढ्या सोन्या-रंगाच्या वाड्यात त्यांना तेवढंच पटलं.

प्रत्येक दाराशी ते मागे थांबायचे, बोट मांडीवर आपटायचे आणि खिशातून छोटी वही काढून काहीतरी लिहायचे. मला वाटलं राजांची नावं लिहीत असतील.

सकाळी हॉटेलातच त्यांनी माझ्या रुमालाकडे बघून विचारलं होतं, "अंगारकी का?" त्यांनाही साखरेचा आजार होता, गोळी ते माझ्यासमोर बसूनच घेत होते. मी म्हटलं, "तोंड बंद ठेवा." त्यांनी चहात आपला पाव बुडवला.

दरबार संपतो आणि राजाचं राहतं घर सुरू होतं तिथे एक दार आहे. ते ओलांडलं आणि माझे पाय लटपटायला लागले. पुढे बाग होती, तिथे लिली वीस मिनिटं मोकळी सोडणार होती. मला वाटलं, बाजूला कुठेतरी सावलीत बसावं. पण बसले असते तर चौघी जमल्या असत्या, काय झालं म्हणाल्या असत्या, तोंडात बिस्किट कोंबलं असतं. मग नलूताईला सांगितलं, "मी पुढे सरांबरोबर जाते, तू ये सावकाश." आणि उलट्या बाजूच्या गल्लीत शिरले. एक बंद दार दिसलं. त्याच्या पायरीवर बसले. बसल्यावर उठता आलं नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही. नलूताईने सांगितलं, आणि ती वाढवून सांगणारी बाई नाही.

उत्तरेच्या दाराबाहेर बस रस्त्याला लागली होती. तिथे थांबायला परवानगी नाही. पोलीस शिट्ट्या मारत होता. सरांनी दारातून विचारलं, "सगळे आले ना?"

"आले, आले!" सगळे ओरडले. आपली माणसं असंच करतात. शेजारी कोण बसलंय ते न बघता आले म्हणतात.

सरांनी तरी बोट नाचवत मोजलं. "सोळा. चला, चला."

बोंडेभाऊ चढले नव्हते. एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर. ते म्हणाले, "चौदा."

"अहो, स्वतःला धरा की!"

"मी मले धरतच नाई. कंडक्टर मोजनीत नसते. पंधरा पायजेत, चौदा हायेत."

"मी आत्ता सोळा मोजले, बोंडे."

"तुमी मले धरलं, अन् लिलीले धरलं. झाले सोळा. आक्का कुठी हाये?"

नलूताई म्हणाली, "पुढे बसल्यात ना? मला म्हणाल्या, सरांबरोबर जाते."

"माझ्याबरोबर?" सर म्हणाले. "छे!"

गोंधळ झाला. पोलीस बसच्या काचेवर हात मारायला लागला. ड्रायव्हर चिनी भाषेत ओरडत होता. देवळाच्या तिकिटाची वेळ ठरलेली होती. सरांनी विचार केला आणि म्हणाले, "असं करू. बस जाऊ दे. लिली फोनवरून कळवेल, आक्का सापडल्या की टॅक्सीने येतील. एका माणसासाठी सगळ्यांची दुपार नको."

सर वाईट माणूस नाहीत. ते मुख्याध्यापक आहेत. त्यांनी वेळापत्रक सांभाळलं.

"डबल बेल नाई," बोंडेभाऊ म्हणाले.

"ही काय एसटी आहे का तुमची?"

"गाडी कोनतीबी असो, सर. माहा पाय अठी हाये."

पाय पायरीवर असेपर्यंत दार मिटत नव्हतं. ड्रायव्हरने दोनदा बटण दाबलं, दार येऊन त्यांच्या गुडघ्याला लागलं आणि परत गेलं. ते हलले नाहीत. लिली रडवेली झाली. म्हणाली, राजवाडा एवढा मोठा, आज एवढी गर्दी, कुठे शोधायला सांगू? परत आत तर कुणालाच सोडणार नाहीत.

तेव्हा त्यांनी वही काढली. एसटीत कंडक्टर टप्प्याटप्प्याला गाडीत किती माणसं आहेत ते लिहितो. यांनी राजवाड्याचे टप्पे पाडले होते. दक्षिणेचं दार, पंधरा. पूल, पंधरा. मोठं अंगण, पंधरा. राजाच्या घराचं दार, पंधरा. त्याच्या पुढे बाग, आणि समोर लिहिलं होतं, सुटी.

"सर, तिले सांगा," ते म्हणाले. "राजाच्या घराच्या दारापर्यंत आक्का होत्या. बागेत मले नाई दिसल्या. म्हंजे त्या दोहीच्या मधात हायेत. मागं पाहू नका, बाहेर पाहू नका. तेवढंच पाहा."

सरांनी ते इंग्रजीत सांगितलं. लिलीला लगेच कळलं. ती फोनवर बोलायला लागली, तेवढ्यात बोंडेभाऊ पुन्हा म्हणाले, "अन् हे बी सांगा. बाईनं सकायपासून काई खाल्लं नाई, उपास हाये. साखरेची गोळी घेतली हाये. सापडल्या का आदी गोड पाजा."



मला आठवतं ते असं. निळ्या गणवेशातली एक बाई माझ्यावर वाकली होती. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि नारिंगी रंगाचं काहीतरी थेंब थेंब ओठात सोडलं. भयंकर गोड. मला शब्द फुटले तेव्हा मी तिला पहिलं वाक्य बोलले ते, "आज माझा उपास आहे." तिने बाटली काढली नाही. तिला मराठी येत नव्हती ते बरं झालं. मग खुर्चीच्या गाडीवरून दवाखान्याच्या खोलीत नेलं, सुई लावली. डॉक्टर लिलीला फोनवर म्हणाले की अजून अर्धा तास उशीर झाला असता तर ही बाई उठली नसती. लिलीने ते मला सांगितलं नाही. नलूताईला सांगितलं, तिने मला.

दोन तासांनी मला बसकडे आणलं. पोलिसाने रस्त्यावरून हलवलेली बस लांबच्या वाहनतळावर उभी होती. बोंडेभाऊ दाराजवळ खाली उभे होते, तसेच. त्यांनी बरं आहे का विचारलं नाही. मला आत बसवलं, मग बोट मांडीवर आपटत मागपासून पुढपर्यंत बघितलं, वहीत लिहिलं, आणि बसच्या पत्र्यावर अंगठीने दोनदा टकटक केली. चिनी ड्रायव्हरने आरशात बघितलं आणि बस सुरू केली.

स्वर्गाचं देऊळ आम्ही पाहिलं नाही. सरांच्या पत्नी ते अजून ऐकवतात. सर ऐकवत नाहीत.

मी बोंडेभाऊंवर फार रागावले. त्यांनी सगळ्यांसमोर माझा उपास बाहेर काढला, आणि आम्ही आयर्लंडला पोचायच्या आधीच ते सुनेच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी त्यांना गाठलं.

"तोंड बंद ठेवा म्हटलं होतं ना?"

"ठेवलं ना. बागेपर्यंत ठेवलं."

"जन्मभर ठेवायचं होतं."

"जनम बागेपाशीच सरत होता, तेच सांगून रायलो," ते म्हणाले आणि बशीतलं अंडं सोलत बसले.

घरी आल्यावर सुनेने माझा साबुदाणा, भगर, शिंगाड्याचं पीठ सगळं सर्वांत वरच्या प्रेसमध्ये ठेवलं. इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात. माझा हात तिथे पोचत नाही. नात म्हणाली, "आजी, यू नियरली डाइड." मी म्हटलं, "नियरली." महिनाभर मी हॉलमध्ये बोंडेभाऊंशी बोलले नाही. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. मोजायचे आणि चहा घ्यायचे.

ऑक्टोबरात ते परत निघाले. निरोप घ्यायला घरी आले. मी दडपे पोहे केले होते. खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "उपास सोडला का?"

"नाही. डॉक्टरला विचारलं. चतुर्थीला गोळी कशी घ्यायची, मधे काय खायचं, ते त्यांनी सांगितलं. सुनेला सांगून करते."

"लिहून ठेवलं का?"

"ठेवलं."

"मंग बराबर."

मी त्यांचे आभार मानले नाहीत. मला ते जमत नाही, आणि त्यांनाही ऐकायला जमलं नसतं. दारातून जाताना त्यांनी आमच्या चौकटीवर दोनदा टकटक केली आणि गेले.

फेब्रुवारीत त्यांच्या मुलाचा फोन आला. गावी जेवून हात धुवायला उठले आणि मोरीपाशीच पडले. दवाखान्यात न्यायला वेळच मिळाला नाही. मुलगा फोनवर रडत होता. मी त्याला म्हटलं, आधी तिकीट काढ, रडायचं मग.

उन्हाळ्यात मी एकटी बसमध्ये चढले तेव्हा तोच लाल गालांचा ड्रायव्हर होता. त्याने दार उघडं ठेवून माझ्यामागे पाहिलं. इथे 'तो गृहस्थ' म्हणायचं असलं की 'युअर मॅन' म्हणतात. त्याने विचारलं, "युअर मॅन कुठे आहेत?" मी सांगितलं, वारले. तो म्हणाला, "सॉरी फॉर युअर ट्रबल." कुणी गेलं की इथे सगळे हेच म्हणतात. मागे मोटारींनी भोंगे वाजवले, तरी तो थोडा वेळ थांबला. मग दार मिटून निघाला.

हॉलमध्ये आता कुलकर्णी सर मोजतात. आधी यादी वाचायचे, ती गळ्यातून गेली. मागच्या रविवारी नेमके चीनला गेलेलेच सगळे आले होते. जिन्यापाशी सर मागे थांबले. हात खाली सोडलेला, बोट पायजम्यावर आपटत होतं. मी शेवटून दुसरी होते.

"किती?" मी विचारलं.

"मला धरून पंधरा," सर म्हणाले.

त्या बसमधले आम्ही पंधराच्या पंधरा अजून जिवंत आहोत.